ठोकळ्यांचे अवकाशयान

मे महिन्याच्या सुटीत अनेक घरांच्या दिवाणखान्यात एक दृश्य हमखास दिसते. सतरंजीवर रंगीत ठोकळ्यांचा ढीग, त्याभोवती दोन-तीन मुले, आणि दुकानातून दुपारी जेवायला आलेल्या आजोबांच्या अनवाणी पायाखाली नेमका त्यांतला एक ठोकळा. मग ‘आवरा हा पसारा’ अशी आज्ञा सुटते, मुले नाराजीने ठोकळे डब्यात भरतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या ह्याच ठोकळ्यांनी जगभरातील हजारो प्रौढांना वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले आहे. त्यांत अभियंते आहेत, शिक्षक आहेत, संगणकाचे जाणकार आहेत. त्यांतील एक मोठा वर्ग केवळ अवकाशयाने रचतो. खोक्यावर छापलेले, पुस्तिकेतील पायऱ्या पाहून जोडलेले यान नव्हे, तर स्वतःच्या मनात उगवलेले, ज्याचा आराखडा पृथ्वीवर अन्य कोणापाशीही नाही असे यान. ह्या मंडळींच्या परिभाषेत अशा स्वतंत्र रचनेला ‘मॉक’ म्हणतात. ‘माय ओन क्रिएशन’ ह्या शब्दांची ती आद्याक्षरे होत.

ह्या छंदाची अडचण आणि गोडी एकाच गोष्टीत आहे. शिंप्याला कापड कापता येते, सुताराला फळी तासता येते, सोनाराला सोने वितळवता येते. येथे यांपैकी काहीच करायचे नाही. कापायचे नाही, घासायचे नाही, गोंद लावायचा नाही, शक्यतो रंगही द्यायचा नाही, असा संकेत ह्या वर्तुळातील बहुतेकजण कटाक्षाने पाळतात. कल्पना स्वतःची, माल मात्र दुसऱ्याने ठरवलेल्या मापाचा. पंखाला जो बाक हवा तो ज्या तुकड्यात नाही, त्या तुकड्याकडून तो काढून घ्यायचा, ही खरी कसोटी.

तेव्हा आधी मापाचे पाहिले पाहिजे. ठोकळ्याच्या माथ्यावर ज्या गोल खुंट्या असतात, त्यांपैकी एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर 8 मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, खुंटी वगळून, 9.6 मिलिमीटर. त्याच्या एक तृतीयांश उंचीची, म्हणजे 3.2 मिलिमीटरची पातळ पट्टी असते, तिला प्लेट म्हणतात. आता जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकांनी एवढे गणित करून पाहावे: पाच प्लेट एकावर एक ठेवल्या तर उंची होते 16 मिलिमीटर, आणि दोन खुंट्यांची रुंदीही 16 मिलिमीटर. म्हणजे पाच प्लेटांची चळत आडवी केली की ती दोन खुंट्यांच्या जागेत तंतोतंत बसते. अवकाशयान रचणाऱ्याची निम्मी विद्या ह्या एका समीकरणावर उभी आहे. मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवून वर चढत जाते. यानाचा रचनाकार ठोकळे आडवे, उलटे, तिरपे बसवतो, कारण यानाला केवळ वरची बाजू नसते. पोट असते, कडा असतात, शेपटाकडून दिसणारे रूप असते, आणि कोठूनही पाहिले तरी त्याच्या अंगावर खुंट्यांचे पुरळ दिसता कामा नये.

हे माप साधे वाटते, पण ते टिकवणे सोपे नाही. पोकळ पोटात नळ्या असलेल्या सध्याच्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज कोपनहेगन येथे 28 जानेवारी 1958 रोजी दाखल झाला. त्या वर्षीचा ठोकळा आज विकत घेतलेल्या ठोकळ्यावर घट्ट बसतो आणि लहान मुलाच्या हातानेही सुटतो. घट्ट बसणे आणि सहज सुटणे, ह्या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वस्तूने साठ-पासष्ट वर्षे पूर्ण करीत राहावे, ह्यामागे साच्यांची मिलिमीटरच्या शतांशापर्यंतची काटेकोर राखण आहे. व्यापारात ज्याला मालाची पत म्हणतात ती हीच. ह्या पतीची एक हकीकत कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. संस्थापक ओले किर्क क्रिस्टियन्सन हे बिलुंड ह्या खेड्यातील सुतार. 1932 पासून ते लाकडी खेळणी करीत. एकदा त्यांचा मुलगा गॉटफ्रेड मोठ्या अभिमानाने म्हणाला की, लाकडी बदकांना नेहमीच्या तीनऐवजी दोनच हात व्हार्निश देऊन त्याने पैसे वाचवले, आणि माल स्टेशनवर पोहोचताही केला. वडिलांनी त्याला तसाच परत पाठवला. खोकी परत आणायची, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा, मग पुन्हा स्टेशनवर न्यायची, आणि हे सर्व त्याने एकट्याने करायचे. पुढे पेटंट घेणारा गॉटफ्रेड तो हाच.

ठोकळे मोजके असले तरी शक्यता किती असाव्यात? दोन गुणिले चार खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते किती प्रकारे जोडता येतील, ह्याचे उत्तर कंपनी अनेक वर्षे 10,29,81,500 असे देत असे. हा आकडा फक्त सहा मजली उंच मनोऱ्यांचा होता. दोन ठोकळे शेजारी-शेजारी बसवले, उंची कमी झाली, तर ती जुळणी ह्या हिशेबात धरलीच नव्हती. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने फेरमोजणी केली, तेव्हा खरे उत्तर निघाले 91,51,03,765. ताळेबंदातील एक चूक इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही, ह्याचे कोणत्याही हिशेबनिसाला नवल वाटेल. सहा ठोकळ्यांची ही कथा. मध्यम आकाराच्या यानात एक-दोन हजार भाग सहज लागतात.

ठोकळ्यांच्या जगात अवकाशयान आले ते 1978 मध्ये. त्याच वर्षी हातपाय हलणारी, हसऱ्या चेहऱ्याची छोटी माणसेही आली. त्या बाहुल्या आणि ती अवकाशमालिका या दोहोंमागे येन्स न्यूगोर्ड क्नुडसन हा एकच रचनाकार होता. निळे अंग, राखाडी पंख, पिवळी पारदर्शक काच, आणि लाल व पांढऱ्या पोशाखातले अंतराळवीर, असे त्या मालिकेचे रूप. 1979 च्या ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ ह्या यानात भाग होते अवघे 338. ज्यांचे बालपण त्या काळात युरोप-अमेरिकेत गेले त्यांच्या मनात अवकाशयान म्हटले की आजही तेच निळे-राखाडी त्रिकोणी रूप उभे राहते.

आपल्या वाचकांनी एका गोष्टीची नोंद घ्यावी. ह्या पहिल्या मालिकेत शत्रू नव्हता. सर्व अंतराळवीर एकाच चिन्हाखाली वावरत, त्यांच्या छातीवर सोनेरी ग्रहाची एकच मुद्रा असे, आणि त्यांचे काम काय, तर शोध घेणे, खडक उचलणे, तळ बांधणे. काळ्या पोशाखातील प्रतिपक्ष 1987 मध्ये अवतरला, त्याच्या मागोमाग अवकाश-पोलीस आले. पुढे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांचा परवाना घेताना, नावातच युद्ध असलेली वस्तू आपल्या घरातून विकावी काय, ह्यावरून कंपनीत बराच खल झाला होता. निर्णय परवान्याच्या बाजूने लागला आणि पैसाही उदंड मिळाला. परंतु स्वतःची याने रचणाऱ्यांत एक मोठा गट असा आहे, जो आजही जुन्या निळ्या-राखाडी, शत्रूविरहित जगाचीच याने नव्या तंत्राने रचतो. त्याला ते ‘निओ-क्लासिक स्पेस’ म्हणतात. संकल्पी हिंसेच्या बारीक छटांवर विचार करणाऱ्या समाजाला ही निवड केवळ आवडीनिवडीची वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष रचना. बाहेरच्या माणसाला वाटते की रचनाकार आधी चित्र काढीत असेल, मग भाग शोधीत असेल. काहीजण तसे करतातही. परंतु अनेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. हाती एखादा चमत्कारिक तुकडा येतो, जहाजाच्या नाळेचा, एखाद्या मोटारीच्या चिखलरोधकाचा, वा एखाद्या मोठ्या काचेचा. तो उलटासुलटा फिरवता फिरवता त्यात इंजिनाचे तोंड दिसते किंवा यानाचे नाक दिसते. त्या एका तुकड्याभोवती यान वाढत जाते. असा तुकडा म्हणजे बीज.

त्यानंतरचा प्रश्न प्रमाणाचा. यानात ती छोटी बाहुली बसवायची असेल, तर तिच्या साधारण 4 सेंटिमीटर उंचीवरून आसन, काच, दार, शिडी यांची मापे ठरतात, आणि यान हातभर होते. बाहुली नको असेल तर एका खुंटीला एक खिडकी मानून त्याच हातभर लांबीत एक किलोमीटर लांबीचे महायान दाखवता येते. हा निर्णय चुकला की पुढचे सर्व श्रम वाया जातात. नवशिक्यांची याने बेढब दिसतात ती तुकड्यांच्या अभावी नव्हे, एकाच यानात दोन प्रमाणे मिसळल्यामुळे. म्हणजे दार बाहुलीचे आणि इंजिन महायानाचे.

मग सांगाडा. बाहेरचे कवच कितीही सुंदर असले तरी आत भक्कम तुळई नसेल, तर यान उचलताक्षणी कंबरेत मोडते. मोठ्या यानांत भोके असलेल्या तुळया आणि खिळ्यांनी हा कणा बांधतात. येथे ह्या मंडळींची एक गमतीदार कसोटी आहे. यान पूर्ण झाले की ते एका हातात धरून, तोंडाने ‘स्वूश’ असा आवाज काढीत खोलीभर फिरवता आले पाहिजे. चाळिशी-पन्नाशीची माणसे हे अगदी गंभीरपणे करतात. फिरवताना एकही तुकडा गळला नाही, तर यान उत्तीर्ण.

सांगाड्यावर कवच चढवताना पाच प्लेटांचे ते समीकरण कामास येते. सांगाड्याच्या बाजूंना आडव्या खुंट्या काढायच्या आणि त्यांवर कवचाचे पत्रे भिंतीवर तसबीर टांगावी तसे बसवायचे. मोटारींच्या दिव्यांसाठी बनवलेला, एका कुशीवर खुंटी असलेला इवलासा ठोकळा ह्या कामी सर्वाधिक खपतो. ज्यासाठी तो घडला ते काम आता त्याचे दुय्यम झाले आहे. मध्ये कोठे दीड मिलिमीटरची फट राहते. ती बुजवण्यासाठी अर्ध्या प्लेटच्या जाडीचे कोनाडे शोधावे लागतात. एका फटीपायी आठवडा गेल्याच्या कथा ह्या छंदात नवीन नाहीत. बाहेरचा कोणी ती फट पाहणारही नसतो. पण व्हार्निशचा तिसरा हातही कोणी मोजणार नव्हता.

सर्वांत शेवटी बारकावे. नळ, झडपा, जाळ्या, पेट्या अशा निरर्थक भासणाऱ्या तुकड्यांची गर्दी यानाच्या काही भागांवर करतात, त्याला ‘ग्रीबल’ असे नाव आहे. ही युक्ती चित्रपटांच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून आली. तेथे रणगाड्यांच्या, मोटारींच्या प्लास्टिक संचांतील सुटे भाग यानांवर चिकटवीत, म्हणजे यान प्रचंड भासे. परंतु गर्दी सर्वत्र केली तर डोळ्याला विसावा उरत नाही. चांगला रचनाकार यानाचा मोठा भाग मोकळा, गुळगुळीत ठेवतो आणि दोन-तीन जागीच बारकाव्यांची दाटी करतो. साडीला काठ आणि पदर असतो, सर्वांगावर जर नसते, हे कापडाच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

कापडाचाच विषय निघाला म्हणून रंगाचे एक दुखणेही सांगितले पाहिजे. एकाच रंगाच्या दोन थानांत छटा बदलली तर गिऱ्हाईक माल परत करते. 2003-04 च्या सुमारास कंपनीने फिकट राखाडी, गडद राखाडी आणि तपकिरी हे रंग किंचित बदलले. नव्या राखाडीत निळसर झाक आली. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे जुना राखाडी माल साठवला होता, त्यांच्या यानांवर नवे तुकडे ठिगळांसारखे दिसू लागले. यान म्हणजे बहुतांशी राखाडीच, त्यामुळे घाव वर्मी बसला. माप न बदलणाऱ्या कंपनीने रंग बदलावा, ही नाराजी जुन्या मंडळींत अद्यापि पुरती शमलेली नाही. आणि ती रास्त आहे.

ठोकळे संपतात, जागा संपते, पैसेही संपतात. मग रचना कागदावर करता आली तर? ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन ह्या तरुणाने 1995 मध्ये ‘एलड्रॉ’ नावाची संगणक-प्रणाली लिहिली. तिची मांडणी पाहिली तर कोणत्याही मुनिमाला ती ओळखीची वाटेल. यानातील प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ. ओळीत रंगाचा क्रमांक, मग तुकड्याची जागा सांगणारे तीन आकडे, तो कसा वळवला आहे ते सांगणारे नऊ आकडे, आणि अखेरीस तुकड्याचा क्रमांक. दोन गुणिले चारच्या साध्या ठोकळ्याचा क्रमांक 3001. दोन हजार तुकड्यांचे यान म्हणजे दोन हजार ओळींची खतावणी. जेसिमन यांनी ही प्रणाली विनामूल्य दिली आणि 1997 मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. दोन वर्षांचे काम. तेथेच विरून जायचे. परंतु निरनिराळ्या देशांतील छांदिष्टांनी ते हाती घेतले, तुकड्यांची सूची वाढवीत नेली, आणि आज यानांची रचना ज्या आधुनिक प्रणालींत होते, त्यांनाही जेसिमन यांनी ठरवलेली ओळीची ती मांडणी वाचता येते.

दुसरी सोय व्यापाराची. यानासाठी एकाच जातीचे दोनशे उतरते तुकडे हवे असतात, खोक्यातून मिळतात चार. 2000 मध्ये डॅन येझेक ह्या तरुणाने सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीची इंटरनेटवरील बाजारपेठ सुरू केली. ‘ब्रिकलिंक’ ह्या नावाने ती प्रसिद्धीस आली. येथील विक्रेता नवे खोके घेतो, ते फोडतो, तुकडे जातवार आणि रंगवार लावतो आणि सुटे विकतो. घाऊक घेऊन किरकोळ विकण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे अखंड वस्तूपेक्षा सुट्यांची बेरीज पुष्कळदा जास्त भरते. कोणता तुकडा कोणत्या रंगात दुर्मिळ, कोणाला मागणी, याचे भाव रोज वरखाली होतात. येझेक 2010 मध्ये अकाली गेले. त्यानंतर हा व्याप त्यांच्या आईने सांभाळला आणि 2013 मध्ये तो दुसऱ्या हाती सोपवला. मुलाच्या माघारी त्याची पेढी बंद पडू न देणाऱ्या आईची ही हकीकत आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेत शोभली असती. 2019 मध्ये खुद्द लेगोने ही बाजारपेठ विकत घेतली, तेव्हा तिचे सभासद दहा लाखांहून अधिक होते.

लेगोने ती घेतली, यामागे एक धडा होता आणि तो त्यांना महाग पडला होता. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संगणकी खेळांची स्पर्धा वाढली, तेव्हा कंपनीने आपल्या रचनाकारांना मोकळीक दिली. ज्याला जो आकार हवा त्याने त्याचा नवा साचा करवून घ्यावा. यानाला नाक हवे, तर नाकाचाच एक अखंड तुकडा. पाहता पाहता भागांचे प्रकार दुपटीने वाढून बारा हजारांवर गेले. साचे महाग, साठा अवाढव्य, आणि एका संचापलीकडे त्या तुकड्याचा उपयोग नाही. खेळते भांडवल कोठे अडकते हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचे सांगणे नकोच. 2004 मध्ये तोटा सुमारे 190 कोटी डॅनिश क्रोनवर गेला. संस्थापकांचे नातू केल्ड यांनी त्या वर्षी मुख्य कार्यकारी पद सोडले आणि कुटुंबाबाहेरील, 35 वर्षांच्या यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांच्या हाती सूत्रे दिली. मालकी कुटुंबाचीच राहिली. लेगोलँड उद्यानांतील मोठा हिस्सा विकला गेला. आणि भागांचे प्रकार छाटून सुमारे सात हजारांवर आणले. नवा आकार हवा असेल, तर आधी आहे त्यातून तो निघतो का हे दाखवा, अशी शिस्त रचनाकारांना घालून दिली.

ह्यात एक मौज आहे. पगारी रचनाकार नवनवे साचे मागत होते, त्याच काळात बाहेरचे छांदिष्ट, ज्यांना साचा करून देणारे कोणी नव्हते, ते जुन्याच तुकड्यांतून अधिक देखणी याने रचीत होते. कंपनीने पुढे त्यांच्यातील काहींना नोकरीवर घेतले आणि बाकीच्यांसाठी दार उघडले. 2008 मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘लेगो आयडियाज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत कोणीही आपली रचना मांडू शकतो. दहा हजार लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी तिचा विचार करते. बहुतेक रचना तेथेच नाकारल्या जातात. स्वीकारली, तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो आणि पुस्तिकेत त्याचा परिचय छापला जातो. एक टक्का थोडा वाटेल, परंतु साचा, साठा, जाहिरात, उधारी, यांपैकी कशाचीही जोखीम त्याच्याकडे नाही, हेही ध्यानात घ्यावे.

अवकाशाला ह्या योजनेत मोठे स्थान मिळाले. जपानचे ‘हायाबुसा’ यान 2012 मध्ये आले. मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ गाडीची प्रतिकृती 2014 मध्ये आली; तिचे रचनाकार स्टीफन पकबाझ हे खऱ्या क्युरिऑसिटीवर काम केलेले अभियंते होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या पीटर रीड यांचा, जुन्या राखाडी अवकाशमालिकेच्या वळणाचा, माणसाने आत बसून चालवायचा यांत्रिक पोशाख बाजारात आला. आणि 2017 मध्ये आला तो अपोलो मोहिमेचा ‘सॅटर्न पाच’ अग्निबाण. फेलिक्स स्टिसन आणि व्हॅलेरी रोश ह्या दोघांची ही रचना. उंची सुमारे एक मीटर, आणि भागांची संख्या नेमकी 1969, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला ते साल. अग्निबाण गोल, ठोकळे चौकोनी. मध्ये चौकोनी गाभा उभारून त्याच्या चारही कुशींवर वक्र पत्रे आडवे जडवले आहेत. पाच प्लेटांच्या त्या समीकरणाचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. भारतात आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यामुळे परदेशी छांदिष्टाचा साठा पाहून येथील मुलाने तसा हट्ट धरला, तर तो पुरवणे भल्याभल्यांना जड जाईल. खर्चाहून अवघड प्रश्न संग्रहाचा आहे. ज्या घरात परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले जाते, तेथे लाखभर तुकड्यांनी भरलेले कप्पे कोणत्या खात्यात मांडावेत? खरेच, ह्या छंदात दोन जातीची माणसे दिसतात. एक खोके न फोडता कपाटात ठेवतो आणि भाव चढण्याची वाट पाहतो. दुसरा तेच तुकडे आज यानात, उद्या पुलात, परवा आणखी कशात वापरतो. त्याला साठ्याची गरज असते, पण रचलेली वस्तू राखण्याचा मोह ठेवता येत नाही, कारण पुढच्या यानाचा माल ह्याच यानात अडकलेला असतो. देरासरात पाटावर तांदळाची गहुली काढणाऱ्या श्राविकेला ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही. ठोकळ्यांचा आणि पूजेचा अर्थातच काही संबंध नाही. साम्य आहे ते केवळ हातांचे. लहानांसाठी मात्र एक व्यवहार्य सूचना करता येईल. नवे खोके आणण्यापूर्वी घरातील जुन्या दोन-तीन खोक्यांचे तुकडे एकत्र मिसळून, पुस्तिका बाजूला ठेवून, एक हातभर यान करायला सांगावे. पहिले मोडेल. दुसऱ्यात कणा येईल.

ह्या छंदातील सर्वांत मोठा उत्सव सप्टेंबरात असतो. पुष्कळदा आपल्या पर्युषणाच्या किंवा दशलक्षण पर्वाच्या आसपास. त्याचे नाव ‘शिपटेंबर’. नियम एकच: त्या एका महिन्यात किमान शंभर खुंट्या लांबीचे, म्हणजे 80 सेंटिमीटर वा त्याहून मोठे यान आरंभापासून पूर्ण करायचे. ‘शिप’ ह्या शब्दाचा त्यांनी विनोदाने केलेला विस्तार आहे ‘सीरियसली ह्यूज इन्व्हेस्टमेंट इन पार्ट्स’, तुकड्यांत केलेली भली मोठी गुंतवणूक. दिवसभर नोकरी, रात्री ठोकळे. साधारण विसाव्या दिवशी नेमका राखाडी रंग संपतो, आणि यानाच्या पोटात, जेथे कोणाची नजर पोहोचणार नाही तेथे, लाल, पिवळे, हिरवे असे हाताला येतील ते तुकडे भरले जातात. तीस तारखेला छायाचित्रे काढली जातात, यान एकदा दोन्ही हातांनी उचलून खोलीभर फिरवले जाते. मग काही आठवड्यांत, कधी पुढच्याच रविवारी, कवच उतरते, कणा सुटतो, आणि पोटातले लाल-पिवळे तुकडे आपापल्या कप्प्यांत परत जातात. संगणकात तेवढी दोन-चार हजार ओळींची ती खतावणी राहते.